मस्टरवरचा फुटबॉल : कूपरेजच्या संघांची सव्वाशे वर्षे

कूपरेज हे नाव पिंपे बांधणाऱ्या कारागिरांचे आहे. इंग्रजीत अशा कारागिराला कूपर म्हणतात. कंपनी सरकारच्या अमदानीत साठवणीसाठी लागणारी लाकडी पिंपे बांधणाऱ्यांच्या शेडी किल्ल्याबाहेर, या भागात होत्या. पिंपे गेली, शेडी गेल्या, नाव मात्र जागेला चिकटून राहिले. ओव्हल मैदानाच्या दक्षिणेला, मंत्रालयापासून चालत पाच मिनिटांवर असलेले हे मैदान मुंबईच्या फुटबॉलचे घर. चार-पाच हजार माणसे कशीबशी मावतील एवढेच ते आहे. पण लष्करी पलटणी, तेलकंपन्या, गिरण्या, बँका, विमानकंपनी, मोटारींचा कारखाना अशा सगळ्यांचे संघ इथे खेळले आणि एकेक करून निघून गेले. मुंबईच्या फुटबॉलचा इतिहास म्हणजे प्रामुख्याने या संघांच्या मालकांचा इतिहास आहे.

सुरुवात पलटणींनी केली. १८९० साली मुंबईतल्या काही इंग्रज फुटबॉलप्रेमींनी रोव्हर्स चषक स्पर्धा स्थापन केली आणि १८९१ मध्ये वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने ती पहिल्यांदा जिंकली. सिमल्याची ड्युरँड स्पर्धा १८८८ ची, कलकत्त्याची ट्रेड्स चषक स्पर्धा १८८९ ची. त्यांच्यानंतर वयाने मोठी स्पर्धा हीच. सुरुवातीची कित्येक वर्षे चषकावर फक्त गोऱ्या पलटणींची नावे कोरली गेली. संघ म्हणजे बटालियन. बटालियनची बदली झाली की संघही बोटीत बसून जायचा. मुंबईत कुठल्या वस्तीला तो आपला वाटण्याचे कारणच नव्हते.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला, स्पेनच्या नैऋत्य किनाऱ्यावरच्या वेल्वा बंदरात, हीच गोष्ट वेगळ्या वळणाने घडत होती. तिथे रिओ टिंटो या ब्रिटिश कंपनीच्या तांब्याच्या खाणी होत्या. कंपनीची माणसे, त्यांचे डॉक्टर, बंदरातले कारकून फुटबॉल खेळत. विल्यम मॅकाय या स्कॉटिश डॉक्टरच्या पुढाकाराने २३ डिसेंबर १८८९ रोजी तिथे जो क्लब स्थापन झाला, तोच आजचा रेक्रेआतिवो दे वेल्वा, स्पेनमधला सर्वांत जुना फुटबॉल क्लब. मार्च १८९० मध्ये त्याने सेव्हियाशी सामना खेळला आणि ०-२ असा हरला. म्हणजे वेल्वाचा क्लब आणि मुंबईचा रोव्हर्स चषक जवळजवळ एका वयाचे, दोन्ही बंदरांतले, दोन्ही ब्रिटिशांनी आणलेले. वेल्वातले ब्रिटिश पुढे गेले, खाणीही कंपनीच्या हातून सुटल्या, पण क्लब गावकऱ्यांनी ठेवून घेतला. मुंबईत स्पर्धा वाढली, नावारूपाला आली, पण क्लब मात्र कधी गावाच्या मालकीचा झाला नाही. या एका फरकाने पुढचे बरेचसे ठरले.

१९०२ साली बॉम्बे फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि हारवुड लीग सुरू झाली. १९११ मध्ये ही संघटना आणि रोव्हर्स चषकाची समिती एकत्र आल्या आणि वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, सगळ्यांच्या तोंडी ‘विफा’, जन्माला आली. आजही महाराष्ट्राच्या फुटबॉलचा कारभार विफाकडेच आहे. लीग पावसाळ्याची आणि रोव्हर्स पाऊस सरल्यावरचा, असा साधारण रिवाज पडला. मुंबईत फुटबॉल पावसाळी खेळ का झाला, याचे कारण मैदानांत आहे. ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान इथे थंडी-उन्हाळ्यात खेळपट्ट्या क्रिकेटच्या ताब्यात असत. जून लागला, चिखल झाला, की फुटबॉलवाल्यांना जागा मिळे. १९४८ मध्ये कांगा लीग आली आणि क्रिकेटने पावसाळ्यातही वाटा मागितला. फुटबॉलच्या वाट्याला या शहरात नेहमी उरलेली जागा आणि उरलेला मोसम आला.

हिंदी संघांना रोव्हर्समध्ये वाट मिळायला वेळ लागला. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम फेरीत पोहोचला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून १-४ असा हरला. चषक पहिल्यांदा हिंदी संघाच्या हाती आला तो १९३७ साली, बंगलोर मुस्लिम्सने जिंकला तेव्हा. पुढच्या वर्षी त्यांनीच तो राखला. १९४० मध्ये कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग विजेता झाला. या यादीत मुंबईचे नाव नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मैदान मुंबईचे, आयोजक मुंबईचे, प्रेक्षक मुंबईचे आणि विजेते बाहेरचे. पन्नाशीच्या दशकात तर हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ सलग पाच वर्षे चषक नेला. त्यांचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. प्रशिक्षक म्हणून भारताला त्यांच्याइतके यश क्वचितच कुणी मिळवून दिले असेल. छोटे पास, चेंडू पायाशी फार वेळ न ठेवणे, सतत जागा बदलणे हा त्यांचा खेळ मुंबईकरांनी कूपरेजच्या बाकांवर बसून पाहिला.

मुंबईत फुटबॉल खेळणारी वस्ती कोणती होती? गिरगावच्या दक्षिण टोकाला, धोबी तलाव, कावेल, सोनापूर या भागात गोव्याची माणसे राहात. गोव्याच्या गावागावांचे इथे ‘कूड’ होते. कूड म्हणजे एका गावच्या मंडळींनी मिळून घेतलेली खोली किंवा माडी. बोटीवर काम करणारा खलाशी, वाजंत्री, आचारी, शिकायला आलेला मुलगा असा जो कोणी गावाहून येईल त्याने नाममात्र पैसे भरून तिथे आपली पेटी ठेवायची, रात्री सतरंजी पसरायची. धोबी तलावावरच्या जेर महालातल्या कुडांत पत्र्याच्या आणि लाकडी पेट्यांच्या रांगा, भिंतीशी छोटी वेदी आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, हे चित्र कित्येकांनी पाहिलेले आहे. बोट मिळेपर्यंत दिवस मोकळे असत आणि मैदाने चालत पाच मिनिटांवर. मुंबईच्या संघांना पिढ्यान् पिढ्या खेळाडू मिळाले त्यांत गोव्याची नावे इतकी का, याचे उत्तर या कुडांत आणि त्यांच्या आसपासच्या चर्चच्या शाळांत आहे. मध्य मुंबईत माटुंगा, दादरच्या पोर्तुगीज चर्चचा परिसर, वरळी, माहीम, माझगाव, नागपाडा इथेही फुटबॉल रुजला होता. खेळ होता, खेळाडू होते. पण वस्तीच्या नावाने उभा राहून मोठा झालेला क्लब नव्हता.

ती जागा कंपन्यांनी घेतली. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईत नोकरी देणारी प्रत्येक मोठी संस्था स्पोर्ट्स क्लब चालवू लागली. टाटा स्पोर्ट्स क्लब १९३७ चा. पुढे कॅलटेक्स, बर्मा शेल, पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे, मफतलाल, बँका, एअर इंडिया (१९५२), महिंद्रा अँड महिंद्रा (१९६२), ऑर्के मिल्स यांचे संघ आले. व्यवस्था सरळ होती. चांगला खेळणाऱ्या मुलाला कंपनी कारकून, फिटर किंवा स्टोअरकीपर म्हणून मस्टरवर घेई. सकाळी सही, अर्धा दिवस काम, दुपारनंतर सराव. स्पर्धेसाठी बाहेरगावी गेला तर खाडा लागत नसे. खेळ संपल्यावर नोकरी राहायची, प्रॉव्हिडंट फंड राहायचा. ज्या घरात बाप गोदीत किंवा गिरणीत होता, त्या घरासाठी मुलाच्या पायातला फुटबॉल हे कायम नोकरीचे दार होते. या व्यवस्थेने मुंबईला चाळीस-पन्नास वर्षे उत्तम फुटबॉल दिला, हे श्रेय तिला मोकळेपणाने दिले पाहिजे. तिचा दोष एकच होता. संघ हे कंपनीच्या ताळेबंदातले एक खाते होते, आणि ते खाते बंद करायला एक सही पुरे होती.

या व्यवस्थेतला सर्वांत मोठा खेळाडू नेव्हिल डिसोझा. जन्म १९३२, गोव्यातल्या आसगावचा; खेळला मुंबईत, टाटा स्पोर्ट्स क्लब आणि कॅलटेक्सकडून. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताची गाठ यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली. हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारत न खेळताच या फेरीत आला होता आणि त्याच्याकडून कुणाला फार अपेक्षा नव्हती. नेव्हिलने नवव्याच मिनिटाला गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. नेव्हिलने पुन्हा आघाडी मिळवून दिली, ऑस्ट्रेलियाने पुन्हा बरोबरी केली. मध्यंतर २-२. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला नेव्हिलचा तिसरा गोल झाला आणि शेवटी किट्टूने चौथा केला. ४-२. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्ध भारताला आघाडी मिळवून देणारा गोलही त्याचाच. नंतर मात्र युगोस्लाव्हियाने चार गोल चढवले. ब्राँझपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ०-३ ने हरवले आणि भारत चौथा आला. ऑलिंपिकमध्ये भारतीय फुटबॉल त्यापुढे कधी गेला नाही. स्पर्धेत सर्वाधिक चार गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिल होता. आणि तो मुंबईतल्या एका कंपनीच्या संघात खेळणारा माणूस होता.

१९५८ मध्ये कॅलटेक्सने रोव्हर्स चषक जिंकला. याच संघाचा गोलरक्षक एस. एस. नारायण. जन्म केरळातला, वाढ माटुंग्याच्या परिसरातली. माटुंगा जिमखाना, टाटा आणि कॅलटेक्स असा त्याचा प्रवास झाला. फुटबॉलबरोबर तो बास्केटबॉलही चांगला खेळत असे आणि उंच चेंडू हवेतच झेलण्याची त्याची सफाई तिथून आली असावी. १९५६ आणि १९६० अशा दोन्ही ऑलिंपिकच्या भारतीय संघांत तो होता. टाटाचाच फॉर्च्युनाटो फ्रँको १९६२ मध्ये जकार्ता आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात मधल्या फळीत खेळला. रहीमसाहेबांचा तो शेवटचा संघ. नारायण आणि फ्रँको दोघेही २०२१ साली गेले. नेव्हिल त्याआधीच, १९८० मध्ये गेला होता, पन्नाशीही न गाठता. वांद्र्याच्या रिक्लमेशनवरच्या फुटबॉल मैदानाला आज त्याचे नाव आहे.

गिरण्यांच्या संघांबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण परळ-लालबागचा वाचक इथे सहज विचारेल की गिरणगावात फुटबॉल होता का? संघ होता, वस्तीत फुटबॉल त्यामानाने थोडा होता. १९६५ चा रोव्हर्स चषक मफतलालने जिंकला, तेव्हा रणजित थापा, अमर बहादूर, भूपिंदर रावत अशी मफतलालची पुढची नामवंत मंडळी अजून यायची होती. खेळाडू देशभरातून येत. साच्यावर, साचाखात्यात काम करणारा कामगार कोकणातला, साताऱ्याचा, कोल्हापूरचा. त्याच्या चाळीतला मुलगा मात्र कबड्डी खेळे. कारण हिशेबाचे आहे. कबड्डीला तेरा मीटर बाय दहा मीटर जागा लागते, ती दोन चाळींच्या मधल्या अंगणात निघते. माती भुसभुशीत केली, फक्कीने रेषा मारल्या, दिव्याच्या खांबावरून वायर ओढली की रात्रीच्या पाळीआधी सामना सुरू. फुटबॉलला शंभर मीटरची लांबी हवी, बूट हवे, चेंडू हवा. त्यामुळे गिरणगावात कबड्डी मंडळाची आणि गल्लीची झाली, तर फुटबॉल गिरणीच्या मालकाचा राहिला. खेळाचा गोडवा दोन्हीकडे सारखाच होता. कोणाच्या हातात तो होता, यात सगळा फरक आहे.

साठ आणि सत्तरच्या दशकांत रोव्हर्स म्हणजे शहराचा सण होता. मोहन बागान, ईस्ट बेंगाल, मोहमेडन हे कलकत्त्याचे तिन्ही मोठे संघ यायचे आणि मुंबईतले बंगाली दोन तट करून कूपरेजला जमायचे. सचिनदेव बर्मन ईस्ट बेंगालचे निस्सीम चाहते होते. अभिनेते प्राण यांनी तर पन्नाशीच्या दशकात डायनामोज नावाचा स्वतःचा फुटबॉल संघच बाळगला होता. १९७४ मध्ये गोव्याच्या धेंपोने चषक जिंकला तेव्हा धोबी तलावाला स्वतःच्या घरचे कार्य असल्यासारखा आनंद झाला असेल. हैदराबादचा शब्बीर अली टाटा स्पोर्ट्स क्लबकडून मुंबईत खेळला आणि इथून कलकत्त्याच्या मोठ्या क्लबांकडे गेला. मुंबईने १९५४ च्या हंगामात पहिल्यांदा संतोष करंडक जिंकला, मग १९६३ च्या हंगामात महाराष्ट्र म्हणून. या दोन्ही विजयांमागे कंपन्यांच्या संघांतले खेळाडू होते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. साठांहून अधिक गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. संप कधी अधिकृतपणे संपलाच नाही; तो विरत गेला आणि त्याबरोबर गिरणगावही. फुटबॉलचे संघ त्याच दिवशी बंद पडले असे नाही. पण ज्या धंद्यातून स्पोर्ट्स क्लबचे खाते भरले जाई तो धंदाच आटला, आणि गिरण्यांचे संघ पुढच्या काळात एकापाठोपाठ नाहीसे झाले. शहराच्या खेळाचे त्याहून मोठे नुकसान जमिनीत झाले. मध्य मुंबईत गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत तिचे तीन वाटे ठरले होते. एक वाटा मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरता उरला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. मूळ नियम जसाच्या तसा राबवला असता तर लोअर परळ ते लालबाग या पट्ट्यात दीड-दोनशे एकर मोकळी जागा निघाली असती. फुटबॉलचे पूर्ण मापाचे मैदान दोन एकरांत बसते. परळच्या मुलांना चेंडू मारायला जागा का नाही, याचे उत्तर देताना पहिल्यांदा हा नियम आठवला पाहिजे.

राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ मध्ये सुरू झाली आणि मुंबईची भिस्त महिंद्रावर आली. जीपवाल्यांचा संघ म्हणून त्याला ‘जीपमेन’ म्हणत, जर्सी लाल. १९९८, २००१ आणि २००८ असा तीनदा ड्युरँड, २००३ आणि २००५ मध्ये फेडरेशन चषक. २००० साली नाव बदलून महिंद्रा युनायटेड झाले. २००५-०६ च्या हंगामात गोव्याच्या डेरिक परेरांच्या मार्गदर्शनाखाली संघाने राष्ट्रीय लीग जिंकली. घानाचा युसिफ याकुबू पुढे, मुंबईचा स्टीव्हन डायस उजव्या बगलेवर. देशाची लीग जिंकणारा मुंबईचा हा पहिला क्लब. त्या हंगामात कूपरेजला महिंद्राचा सामना असे तेव्हा शाळकरी मुले बसून पाहात, आणि आपल्या शहराचाही एक संघ देशात पहिला येऊ शकतो हे त्यांना पहिल्यांदा दिसले.

२०१० च्या मार्चमध्ये महिंद्राने संघ बंद करत असल्याचे जाहीर केले. संघ खालच्या लीगमध्ये घसरला नव्हता, मैदानावर कोसळला नव्हता. कंपनीने फुटबॉलवरचा खर्च शालेय स्पर्धांकडे वळवायचे ठरवले, एवढेच. अठ्ठेचाळीस वर्षांचा संघ हंगामाअखेर संपला. ज्यांनी तो पाहिला होता त्यांना विचारायचेही कुणाचे काम नव्हते, कारण त्यांचा त्यात हिस्सा नव्हता. रोव्हर्स चषक त्याआधीच थांबला होता; २०००-०१ मध्ये मोहन बागानने जिंकला तो शेवटचा. २०१३ मध्ये एअर इंडियाला राष्ट्रीय लीगची जागा घेतलेल्या आय-लीगमधून जावे लागले. आशियाई फुटबॉल महासंघाच्या परवान्यासाठी क्लब ही स्वतंत्र कायदेशीर संस्था असावी लागते, तिचे युवा संघ लागतात, व्यावसायिक करार लागतात. मस्टरवर चालणाऱ्या संघाच्या चौकटीत यातले काही बसत नव्हते. त्याच वर्षी ओएनजीसीचा संघही बाहेर पडला.

मधल्या काळात, २००७ मध्ये, मुंबई एफसी नावाचा व्यावसायिक क्लब निघाला. पहिले प्रशिक्षक इंग्लंडचे डेव्हिड बूथ. २००९ पासून सात वर्षे खालिद जमील. खालिद महिंद्रा, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या तिन्हींकडून खेळलेला, म्हणजे मुंबईच्या फुटबॉलच्या साऱ्या अवस्था पाहिलेला माणूस. पैसा कमी, मैदानाची वणवण, तरी दरवर्षी तो संघ आय-लीगमध्ये तगवत राहिला. २०१६ मध्ये क्लबने त्याला निरोप दिला. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला आणि बंद झाला. त्याच हंगामात खालिदने मिझोरामच्या ऐझॉलला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये तो भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला.

मुंबई सिटी एफसी २०१४ चा, इंडियन सुपर लीगचा (आयएसएल). त्याचे घर आधी नवी मुंबईत, मग अंधेरीत. कूपरेजशी त्याचा संबंध थोडा. २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने त्यात ६५ टक्के हिस्सा घेतला. याच ग्रुपने दोन वर्षे आधी स्पेनमधल्या जिरोनात गुंतवणूक केली होती. १९३० साली स्थापन झालेला जिरोना आयुष्यातला बराच काळ खालच्या लीगमध्ये होता आणि पहिल्यांदा सर्वोच्च लीगमध्ये आला तो २०१७ साली. २०२३-२४ च्या हंगामात तिथे जिरोना तिसरा आला आणि इथे मुंबई सिटीने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून आयएसएल चषक जिंकला. कर्णधार होता मुंबईचाच राहुल भेके. मोठ्या पैशाने मोठी कामगिरी होते, हे दोन्हीकडे खरे ठरले.

पण स्पेनमध्ये दुसरा मार्गही टिकून आहे. बास्क प्रांतातले आयबार हे सत्तावीस हजार वस्तीचे, बंदुका आणि यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यांचे गाव. परळसारखेच हातात तेल लागलेल्या माणसांचे. २०१४ मध्ये त्याचा क्लब सर्वोच्च लीगला पात्र झाला, तेव्हा नियमाप्रमाणे भांडवल सुमारे १७ लाख युरोंनी वाढवणे भाग होते. क्लबने ५० युरोंपासूनचे छोटे शेअर विकले आणि गावकऱ्यांनी व जगभरच्या चाहत्यांनी रक्कम उभी केली. आणि वेल्वाचा तो जुना रेक्रेआतिवो? २००३ मध्ये स्पॅनिश चषकाच्या अंतिम फेरीपर्यंत गेलेला हा क्लब पुढे कर्जात बुडाला. २०१६ मध्ये वेल्वाच्या नगरपालिकेने तो खासगी मालकाकडून ताब्यात घेतला. नंतर तो पाचव्या पातळीवर घसरला, तरी लोक सामन्यांना जात राहिले. मालकाने सोडले तेव्हा क्लब धरून ठेवायला गाव होते.

असे गाव मराठी मुलखातही आहे, कोल्हापूर. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब अशी तिथल्या संघांची नावे आहेत, म्हणजे पेठांची आणि तालमींची. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की दुकानांची फळकुटे लवकर लागतात. तिथे खेळाडूचे जेवण, बूट, दुखापतीचा खर्च पेठ बघते. अनिकेत जाधव हा २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला मुलगा याच शहरातला. कोल्हापूरचा फुटबॉल देशाच्या लीगमध्ये वर गेलेला नाही, पण तिथले क्लब कुणाच्या एका सहीने बंद होणारे नाहीत. मुंबईत हेच कबड्डीच्या मंडळांना जमले आणि फुटबॉलला जमले नाही.

मुंबईतले वस्तीचे क्लब शोधायचे तर जिल्हा लीगच्या खालच्या गटांत शोधावे लागतात. १९८३ मध्ये मुंबई जिल्हा फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि शहराची लीग तिच्याकडे आली. वरपासून तिसऱ्या डिव्हिजनपर्यंत उतरत जाणाऱ्या गटांत बँका आणि रेल्वे अजून आहेत, बॉम्बे जिमखाना आहे, कर्नाटक स्पोर्टिंग असोसिएशन आहे, कुलाब्याची पिफा आहे आणि नाव छापून न येणारे कितीतरी क्लब आहेत. सामने क्रॉस मैदानावर, वांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा मैदानावर, परळच्या सेंट झेवियर्स मैदानावर होतात. परळला पावसाळ्यात खालच्या डिव्हिजनचा सामना असतो तेव्हा सकाळी मारलेली फक्की दुपारपर्यंत धुऊन गेलेली असते आणि पंच कोपऱ्यातल्या झेंड्यांवरून रेषेचा अंदाज घेतात. टेबलाशी ओळखपत्रे तपासली जातात. बॅगा झाडाखाली प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवलेल्या. कोणी वसईहून पहिल्या लोकलने आलेला असतो, कोणी रात्रीची डिलिव्हरी संपवून. गोलपोस्टपुढच्या डबक्यात चेंडू थांबतो आणि दोन्ही बाजूंचे सहा-सात पाय एकदम त्यात पडतात. पाहणारे वीस-पंचवीस, बहुतेक घरचे. मॅनेजर म्हणजे बहुधा क्लबचाच जुना खेळाडू. रेफ्रींचे मानधन, पाण्याच्या बाटल्या आणि मैदानाचे भाडे तो खिशातून भरतो.

यांतून देशाच्या लीगपर्यंत गेलेला एक क्लब म्हणजे केंकरे. २००० साली निघालेला, मुलांना शिकवता शिकवता वाढलेला. वर्षानुवर्षे तो आय-लीगच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळत राहिला. २०२१ मध्ये बंगळूरूत पात्रता फेरी झाली. शेवटच्या सामन्यात राजस्थान युनायटेडविरुद्ध विजय हवा होता, तो ०-० सुटला आणि राजस्थान वर गेले. नंतर चेन्नई सिटीची जागा रिकामी झाली आणि केंकरेला आय-लीगचे दार उघडले. पहिला हंगाम बंगालमध्ये, करोनाच्या बंदिस्त व्यवस्थेत झाला. अखिल कोठारींचा तरुण मुलांचा संघ तळाला राहिला, पण त्या वर्षी कुणाला खाली उतरवले नाही. २०२२-२३ मध्ये मुंबई केंकरे या नावाने तो कूपरेजवर घरचे सामने खेळला आणि काही वर्षांनी या मैदानावर पुन्हा देशाच्या लीगचे फुटबॉल आले. हंगामाच्या अखेरीला मुंबई केंकरे आणि दिल्लीचा सुदेवा हे दोन संघ खाली उतरले. मुंबईची जिल्हा लीग मात्र नेहमीप्रमाणे सुरू राहिली, परळला आणि क्रॉस मैदानावर.